दिसायला एकच ‘कऱ्हाड’

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या अंकात एका वाचकाने विचारले होते, की संगणकावर आणलेल्या जुन्या मराठी पुस्तकात एखादा शब्द डोळ्यांना स्वच्छ दिसत असूनही शोधायला गेले की ‘सापडला नाही’ असे उत्तर का येते. पुढच्या दोन अंकांत कोणी उत्तर देईल म्हणून मी वाट पाहिली. कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहिते आहे. याच प्रश्नाने मला २०१८ च्या पावसाळ्यात चार रात्री जागवले आहे.

मी सांगलीत राहते आणि गेली ३१ वर्षे मुद्रिते तपासते. दिवाळी अंक, कवितासंग्रह, शाळांच्या स्मरणिका, एखाद्या गावाचा इतिहास, जे येईल ते. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे, त्यामुळे उलटी अक्षरे वाचायला मी सुलटी वाचण्याच्या आधी शिकले असे आई म्हणायची. पूर्वी माझ्याकडे कागद यायचे, आता फायली येतात. २०१६ साली बंगळुरूला नोकरीला असलेला माझा भाचा सुट्टीत घरी आला. मी एकेक शब्द शोधत, एकेक बदलत बसलेली पाहून तो म्हणाला, “मावशी, तू हे हाताने का करतेस?” आणि त्याने माझ्या लॅपटॉपवर इमॅक्स घालून दिले.

इमॅक्स हा मजकूर लिहायचा आणि दुरुस्त करायचा प्रोग्राम आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी गाय स्टील वगैरे सहकाऱ्यांबरोबर १९७६ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत त्याची सुरुवात केली. आज वापरात असलेले जीएनयू इमॅक्स १९८५ पासून लोकांच्या हाती आहे. पैसे पडत नाहीत, आणि आतले सगळे उघडून पाहता येते, हवे तसे बदलता येते. वापरणारे बहुतेक प्रोग्राम लिहिणारे लोक. भाच्याने पहिल्या दिवशी मला एकच गोष्ट दाखवली: कंट्रोल-एच दाबून मग नुसते एच दाबले, की जगभरच्या लिप्यांमधले नमस्कार एका पानावर उभे राहतात. त्यात आपली देवनागरी दिसली तेव्हा मला बरे वाटले. पुढे कळले, की इतक्या लिप्या एकत्र नांदण्याची ही सोय जपानमध्ये केनिची हांदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘म्यूल’ या नावाने तयार केली आणि १९९७ च्या विसाव्या आवृत्तीत ती मूळ इमॅक्समध्ये आली. ज्यांची लिपी वेगळी, ज्यांनी मराठी कधी ऐकलीही नसेल, त्यांनी आपल्या जोडाक्षरांची काळजी वाहिली. मी त्यांची ऋणी आहे.

पण सुट्टी संपवून भाचा गेला, आणि पहिले दोन महिने मी रडकुंडीला आले. इमॅक्समधली बहुतेक कामे कंट्रोल किंवा ऑल्टबरोबर इंग्रजी अक्षर दाबून होतात. मी इनस्क्रिप्टने, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या कळफलकाच्या मांडणीने लिहिते. लॅपटॉपचा कळफलक मराठी केला की कंट्रोलबरोबर इंग्रजीऐवजी मराठी अक्षर जायचे आणि इमॅक्सला काही कळायचे नाही. म्हणून दर आज्ञेला कळफलक इंग्रजी करायचा, मग परत मराठी. दिवसातून शेकडो वेळा. मी ते काढून टाकायच्या बेतात होते.

याला उपाय इमॅक्सच्या आतच होता. देवनागरीचे कळफलक त्याच्याकडे स्वतःचे आहेत: इनस्क्रिप्टही आहे, आणि रोमन अक्षरांवरून मराठी लिहिणाऱ्यांसाठी आयट्रान्सही. लॅपटॉपचा कळफलक इंग्रजीच ठेवायचा, आणि इमॅक्समध्ये कंट्रोलबरोबर उलटी तिरकी रेघ दाबायची. मजकूर मराठीत उमटतो आणि आज्ञा जिथल्या तिथे चालतात. पुन्हा तीच कळ दाबली की इंग्रजी. शब्द शोधतानासुद्धा हीच कळ चालते. एका कळीची गोष्ट! ती सांगणारे जवळ कोणी नव्हते म्हणून दोन महिने गेले. या पत्रामागचे खरे दुखणे हे आहे.

आता वाचकांच्या प्रश्नाकडे येते. २०१८ मध्ये माझ्याकडे कृष्णाकाठच्या गावांवरचे एक पुस्तक होते. शेवटी स्थळसूची करायची होती. ‘कऱ्हाड’ शोधले, तर नऊ ठिकाणी सापडले. मी ते पुस्तक दोनदा वाचले होते. एका प्रकरणात तर पानोपानी कऱ्हाड होते आणि त्या प्रकरणातला एकही उल्लेख आला नव्हता. मी दोन्ही शब्द मोठे करून पाहिले, भिंग लावून पाहिले. ‘ऱ्ह’ मधला तो पापणीसारखा अर्धा र दोन्हीकडे तंतोतंत सारखा.

तेव्हा मला इमॅक्समधली फारशी कोणी न वापरणारी एक आज्ञा मिळाली. कर्सर अक्षरावर ठेवायचा आणि कंट्रोल-यू, कंट्रोल-एक्स, मग बरोबरचे चिन्ह दाबायचे. खाली एक चौकट उघडते. त्यात त्या अक्षराची कुंडलीच असते: युनिकोडमधला, म्हणजे जगातल्या प्रत्येक अक्षराला एक क्रमांक देणाऱ्या पद्धतीतला क्रमांक, अधिकृत नाव, कोणत्या अक्षरांशी ते जोडले आहे, कोणत्या टंकातून (फॉन्टमधून) दिसते आहे. पहिल्या कऱ्हाडमध्ये क्रमांक होता ०९३१, म्हणजे ‘ऱ’ हे खाली टिंब (नुक्ता) असलेले स्वतंत्र अक्षर, आणि त्याला हलन्त, म्हणजे पाय मोडल्याची खूण. दुसऱ्यात क्रमांक ०९३०, म्हणजे आपला साधा ‘र’, त्याला हलन्त, आणि त्यापुढे २००डी क्रमांकाचे एक जोडचिन्ह, जे पडद्यावर दिसतच नाही. दोन्हींनी पडद्यावर एकच आकार होतो. पुस्तक दोघांनी टंकले होते. एकाने इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून इंग्रजी J ची कळ दाबली, दुसऱ्याने अदृश्य जोडचिन्ह घातले. चूक कोणाचीच नव्हती, आणि तरीही संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी गावे होती.

मला त्या रात्री वडिलांची फार आठवण आली. खिळ्यांच्या काळात अदृश्य काही नसायचे. दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेलासुद्धा शिशाचा तुकडा लागायचा, तो हाताला लागायचा. वडील बोटांनी चाचपून चूक सांगायचे. आता ती चाचपणी करायला असे काही साधन लागते, आणि ते आहे, हे कळल्यावर मला आपले काम परत मिळाल्यासारखे वाटले.

पुढचे सोपे होते. पडद्यावर जुळलेली अक्षरे सुटी करून पाहायची तर ऑल्ट-एक्स दाबून ‘ऑटो-कॉम्पोझिशन-मोड’ बंद करता येते. मग र वेगळा, हलन्त वेगळे असे सगळे विस्कटून समोर येते. शोधून बदलायच्या आज्ञेत अदृश्य चिन्ह लिहायचे कसे, तर कंट्रोल-एक्स, ८, एंटर, आणि त्याचा क्रमांक. इमॅक्स एकेका जागी थांबून विचारते, बदलू का? पहिल्या दहा-बारा ठिकाणी मी नीट पाहून हो म्हटले आणि मग उद्गारचिन्ह दाबून बाकीचे एकदम बदलून टाकले. त्यात नुसता कऱ्हाड नव्हता. पायऱ्या, दऱ्या, किनाऱ्यावर, शेतकऱ्यांनी, सगळे त्याच रोगाने पछाडलेले होते. ‘शेतकऱ्यांनी’ हा शब्द मराठीत किती वेळा येतो याचा विचार करा, म्हणजे आपल्या ग्रंथालयांत किती पाने शोधणाऱ्याला सापडत नसतील ते कळेल. ‘ॲ’ चेही असेच आहे. तो एक अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याच्याआधीच्या फायलींत अ वर चंद्र ठेवलेला आहे, आणि आजही कितीतरी जण तसाच लिहितात. ‘ॲड.’ शोधले तर निम्मे वकील सापडत नाहीत.

दुसरी गोष्ट वेलांट्यांची. साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४ असे लेखनाचे १८ नियम आम्हाला पाठ असतात. शब्दाच्या शेवटची वेलांटी दीर्घ, ‘आणि’, ‘नि’, ‘तथापि’ असे थोडे शब्द सोडून. माझ्याकडे येणाऱ्या मजकुरात ‘व्यक्ति’, ‘पद्धति’, ‘समिति’ भरपूर असतात, आणि वाचताना डोळा त्यांच्यावरून घसरतो, कारण जुन्या पुस्तकांतून ते आपल्या ओळखीचे आहेत. इमॅक्समध्ये ‘ऑकर’ (occur) नावाची आज्ञा आहे. तिला मी सांगते, ऱ्हस्व वेलांटी आणि तिच्यापुढे मोकळी जागा. अख्ख्या पुस्तकातल्या तशा सगळ्या ओळी एका यादीत येतात. मग हेच स्वल्पविराम, पूर्णविरामासाठी. यादीत नव्वद टक्के ‘आणि’ असतात, त्यांच्यात बसलेली ‘समिति’ लगेच डोळ्यात भरते. इथवर अनेकांना माहीत असते. पुढचे माहीत नसते: त्या यादीत इंग्रजी e ची कळ दाबली, की यादीतच दुरुस्ती करता येते आणि ती मूळ मजकुरात होते. पान शोधत मागे जायला नको. पूर्वी एका कादंबरीच्या वेलांट्यांना माझे दोन दिवस जात, आता एक दुपार पुरते. कविता असेल तर मात्र मी एकेक ओळ वाचते, कारण वृत्तासाठी कवीने ऱ्हस्व ठेवलेली वेलांटी दीर्घ करणे हे पाप आहे.

जुन्या, युनिकोडपूर्व टंकांतल्या फायली ही आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी डोकेदुखी. त्या टंकांत ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी, म्हणजे अक्षराच्या आधी टंकली जायची. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रूपांतर करणारा प्रोग्राम भोळा असला तर वेलांटी उचलतो आणि पुढच्या एका अक्षरानंतर ठेवतो. ‘किती’ बरोबर होते. ‘स्थिती’ मात्र ‘सि्थती’ होते, कारण वेलांटी स नंतर बसली आणि हलन्त उघडे पडले. हे ‘सि्थती’ आणि ‘सि्थर’ आपण सगळ्यांनी इंटरनेटवर पाहिले आहे. इमॅक्समध्ये शोधायची आकृती कंस घालून दोन तुकड्यांत सांगता येते: पहिला तुकडा वेलांटी, दुसरा तुकडा हलन्ताने जोडलेली सगळी व्यंजने आणि त्यांचे शेवटचे पूर्ण व्यंजन. बदलताना दुसरा तुकडा आधी, पहिला नंतर. ती आकृती बसवायला मला आठवडा लागला. वहीत लिहून ठेवली आहे आणि सहा वर्षे तीच वापरते आहे. ती वही माझ्या कपाटात आहे, आणि अशा वह्या आणखी किती जणांच्या कपाटात असतील?

ऑगस्ट २०१९ चा पूर सांगलीकर विसरणार नाहीत. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती फुटांवर आहे हे एकमेकांना विचारण्यात आमच्या गल्लीने दोन दिवस काढले, आणि तिसऱ्या दिवशी पाणी दारात आले. मी एका दिवाळी अंकाची लांबलचक मुलाखत तपासत होते. वीज केव्हाच गेली होती, लॅपटॉप बॅटरीवर होता. कोणीतरी ओरडले, मी झाकण मिटले, लॅपटॉप पिशवीत टाकला आणि बहिणीकडे मिरजेला निघाले. फाइल जतन केली नव्हती. सहा दिवसांनी लॅपटॉपला वीज मिळाली, तोवर बॅटरी पार उतरली होती. फाइल उघडली, तर खाली एक ओळ आली, की या फाइलची आपोआप जतन केलेली प्रत आहे, परत आणायची का ते पाहा. इमॅक्स दर ३०० कळींनंतर, किंवा हात अर्धा मिनिट थांबला तरी, शेजारी एक प्रत लिहून ठेवते. तिच्या नावाच्या दोन्ही बाजूंना जाळीचे चिन्ह असते. मी कितीदा ती फाइल पाहिली होती आणि कचरा समजून पुसलीही होती. ऑल्ट-एक्स, ‘रिकव्हर-धिस-फाइल’. मुलाखत शेवटच्या परिच्छेदापर्यंत परत आली. घरात तेव्हा गुडघाभर चिखल होता. त्या चिखलातून काहीतरी जसेच्या तसे हाती आले होते, म्हणून मी बहिणीच्या ओट्यावर बसून रडले.

लहानसहान गोष्टी तर कितीतरी. नुसता एक परिच्छेद निवडून कंट्रोल आणि तिरकी रेघ दाबली, की फक्त त्या परिच्छेदातले बदल मागे जातात, बाकीच्या पानावर केलेले काम शाबूत राहते. लेखकाचा फोन येतो, “तो उतारा होता तसाच ठेवा”, तेव्हा याची किंमत कळते. बॅकस्पेस जोडाक्षरातले एकेक चिन्ह काढते आणि डिलीट अख्खे जोडाक्षर उचलते, त्यामुळे ‘लक्ष्मि’ची वेलांटी बदलायला अक्षर पुन्हा लिहावे लागत नाही. लेखकांनी पाठवलेल्या फायलींची नावे बदलायची असतील तर फायलींची यादीच मजकुरासारखी खोडून लिहिता येते. सगळेच छान आहे असे नाही. उभे रकाने कापण्याच्या आज्ञा आहेत, पण देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसल्याने रकाने सरळ राहत नाहीत. तिथे मी हात जोडते. आवृत्तीही नवी घ्यावी. २०२० च्या सत्ताविसाव्या आवृत्तीपासून अक्षरजुळणीसाठी ‘हार्फबझ’ आले आणि माझ्या लॅपटॉपवर तरी जोडाक्षरे फुटायची थांबली. पुस्तकाची अंतिम मांडणी डीटीपीवालाच करतो. त्याच्याकडे जाणारा मजकूर निर्मळ करणे, एवढेच माझे काम.

संपादक महोदय, यातली एकही गोष्ट गुप्त नाही. सगळ्या त्या प्रोग्रामच्या मदतपुस्तिकेत लिहिलेल्या आहेत, इंग्रजीत, हजारो इतर गोष्टींच्या गर्दीत. नव्याने शिकणाऱ्यासाठी इमॅक्समध्ये एक धडा असतो, कंट्रोल-एच आणि मग टी दाबले की उघडतो. तो जपानी, थाई, हिब्रू, कोरियन, अगदी एस्पेरांतोतही आहे. माझ्याकडच्या आवृत्तीत मराठी नाही, हिंदीही नाही. आपली मुले पुण्या-बंगळुरूला, अमेरिकेत बसून हाच प्रोग्राम रोज वापरतात. त्यांना यातले बरेच येते. ते एकमेकांना इंग्रजीत सांगतात, आणि मिरजेतल्या टंकलेखकापर्यंत, वाचनालयातल्या लेखनिकापर्यंत, कुलवृत्तान्त लिहिणाऱ्या निवृत्त शिक्षकापर्यंत ते पोहोचत नाही. ज्यांच्या हातून रोज मराठी लिहिली जाते त्यांनाच ते हवे आहे.

माझी विनंती आहे, की आपल्या पुरवणीत दर आठवड्याला एक लहान चौकट द्यावी. दीडशे शब्द पुरेत. ज्याला जी एक युक्ती सापडली असेल ती त्याने लिहावी: कोणती कळ, काय होते, मराठी मजकुराला कुठे उपयोग. इमॅक्सचीच हवी असे नाही, दुसरा प्रोग्राम वापरणाऱ्यांनीही लिहावे. आणि इमॅक्स जाणणाऱ्यांनी तो पहिला धडा मराठीत आणायचे मनावर घ्यावे. भाषांतर कोणीही करो, त्याची मुद्रिते मी तपासून देईन, मोबदला नको.

पहिली चौकट ‘ॲ’ वर लिहून या पत्राला जोडली आहे. ती १४६ शब्दांची आहे.

आपली,
एक मुद्रितशोधक, सांगली